होय / राहू द्या

३ मे १९९९, सोम. कारंजा

चौकट अजून होत नाही. या कॉम्प्युटर मशीनची स्वतःची प्रश्न विचारणारी जी चौकट असते तिच्यात आपलं अक्षर उमटत नाही. 'नाव काढायचे?' असं लिहिलं की रोमन अक्षरांचा चिखल दिसतो, आणि खाली येस, नो.

वामनने वाकून पाहिलं. "ताई, हे कोन्या देवाचं नाव व्हय?"

वामन इंगळे. मी इथे कंत्राटावर प्रोग्रॅम करते, हा पुनर्वसन कार्यालयाने मला दिलेला ऑपरेटर. मराठी टायपिंगला हात उत्तम. इंग्रजी दिसलं की मान दुसरीकडे.

म्हणजे चौकट आपणच करायची. बिनकडांचा छोटा फॉर्म, आपला फॉन्ट, दोन बटणं. एकदा नीट जमली की सगळीकडे तीच.

५ मे, बुध.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या, वर टीन. मशीनवर ओलं फडकं टाकावं असं वाटतं.

काम एका वाक्याचं आहे. धरणात पिंपळदरा जाणार. यादीत ज्याचं नाव, त्याला नव्या गावठाणात घराला जागा. ज्याचं नाही, त्याला नाही. यादी मशीनवर चढवायची, तपासायची, छापायची.

चौकट उठली. स्वतःच्या फॉन्टमध्ये, मधोमध. खाली 'ठीक' आणि 'रद्द'. ती उघडी असेपर्यंत मागचं काही हलत नाही. बरं वाटलं.

वामन 'रद्द' दाबायलाच तयार नाही. पाच वेळा सांगितलं, रद्द म्हणजे ही चौकट रद्द.

"चौकट कायले रद्द होईन, ताई? आमच्या हापिसात रद्द म्हंजे मानूस रद्द. अर्ज रद्द, कारड रद्द. मी नाई दाबत."

तो चूक नाही. या इमारतीत त्या शब्दाला एकच अर्थ आहे.

७ मे, शुक्र.

'नको' करून पाहिलं. पोरकट. 'नाही' केलं. बडेबाबू, इथले मुख्य कारकून, पाठीमागे उभे होते. पान खाल्लेल्या तोंडाने म्हणाले, "मॅडम, यंत्र सायबाले नाई म्हनन का? बरं नाई दिसत."

मग तेच म्हणाले, "राहू द्या लिवा ना. दिवसभर आमी तेच म्हनतो इथं."

खरं आहे. कोणी अर्ज पुढे सरकवला, राहू द्या. कोणी चहा विचारला, राहू द्या. लिहून पाहिलं. 'हे नाव दुबार दिसते. यादीतून काढायचे?' खाली 'होय', 'राहू द्या'. पडद्यावर पहिल्यांदा माणसाची भाषा दिसली.

वामनने पटकन दाबलं. हसला.

११ मे, मंगळ.

आज चौकट पक्की केली. वेगळी फाइल. कुठल्याही फॉर्मवर आणून ठेवायची, प्रश्नाची ओळ द्यायची, झालं. उत्तर एक किंवा शून्य. होय = १, राहू द्या = ०. बाकी काही परत देत नाही.

कोपऱ्यातली बंद करायची फुली काढून टाकली. पडद्यावरची जागा ठरवून टाकली. चौकट नेहमी तिथेच उठेल, हाताला शोधावं लागणार नाही. बटणांवरचे शब्द आतच ठेवले, प्रत्येक फॉर्मला लिहीत बसायला नको.

आणि एन्टर 'राहू द्या'ला जोडलं. माणूस दमला, पेंगला, नुसता एन्टर दाबत गेला, तरी काही मोडणार नाही.

हे वाक्य इथे लिहून ठेवते, कारण मला ते आवडलं आहे.

१४ मे, शुक्र.

दुबार नावांचा फॉर्म चालू झाला. एका गावात चार पांडुरंग, तिघांचे बाप तुकाराम. चौकट उठते, वामन गाव पाहणीची वही बघतो, राहू द्या. पुन्हा उठते, राहू द्या. खरं दुबार क्वचित.

"सगळ्यायले वाचवून राह्यलो, ताई," म्हणाला. "यमाच्या हापिसात बसल्यावानी वाटते. काढू का? राहू द्या. काढू का? राहू द्या."

दुपारपर्यंत तो वहीकडे बघत होता, पडद्याकडे नाही.

१९ मे, बुध.

चौकट आता अकरा फॉर्मवर. नवा फॉर्म करायला अर्धा दिवस लागतो. आधी दोन लागत. मराठीच्या एम.ए.ला असताना कोणी सांगितलं असतं की एकच वाक्य अकरा ठिकाणी बसवायचं, तर मी हसले असते.

बडेबाबू (ब.बा.) चौकटीची फ्लॉपी घेऊन गेले. शेजारच्या रेशनच्या शाखेत मुंबईकडून आलेला एक मुलगा प्रोग्रॅम करतो, त्याला मराठी चौकट हवी होती. विचारलं नाही, सांगितलं. मला खरं म्हणजे अभिमानच वाटला.

२४ मे, सोम.

अकोल्याहून जुनी वही आली. १९७४ ची. गावाच्या गायरानातून भूमिहीनांना वाटे दिले होते, त्याची नोंद. बौद्ध वस्तीतली बहुतेक घरं. वाटे मिळाले, लोक ती जमीन वाहू लागले, घरं बांधली. पण ती नावं सातबाऱ्यावर कधी चढलीच नाहीत. पंचवीस वर्षं फक्त या वहीत आहेत. कापडी पाठ, कडा वाळवीने खाल्लेल्या. सरकारी शाई तपकिरी झालेली.

वामनने पान उलटलं, थांबला. बोट ठेवलं. 'सुभद्रा कोंडूजी इंगळे.'

"माय हाय माही."

ती पिंपळदऱ्यालाच राहते. हे त्याने इतके दिवस सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी फॉर्म करून दिला. वहीतलं नाव टाकायचं. मूळ यादीत सापडलं तर पुढचं. नाही सापडलं तर चौकट विचारते : 'हे नाव यादीत नाही. यादीत घ्यायचे?' तीच चौकट. तासाभरात झालं.

२८ मे, शुक्र.

वाळवीने खाल्लेली अक्षरं लावत लावतही वही चार दिवसांत संपली. वामनचा हात म्हणजे हात आहे.

यादी मोजली. आधी ४१२. आता ४१२. म्हणजे वहीतली सगळी नावं मूळ यादीत आधीच होती. गाव पाहणीला गेलेल्यांनी वस्ती नीट घेतली म्हणायची. चांगलं.

ब.बा.ना आकडा सांगितला. ते कागदावरून वर न बघता म्हणाले, "बेस झालं. यादी आटोपशीर राह्यली."

आटोपशीर.

२ जून, बुध.

प्रमाणपत्रावर सही केली. 'यादी उपलब्ध सर्व अभिलेखांशी पडताळून पूर्ण केली आहे.' वाक्य त्यांचं, सही माझी. जुनी वही गठ्ठ्यात बांधून गेली. जिल्हा नवा झाल्यापासून कागद अकोला आणि वाशीम यांच्यामध्ये कुठेतरी असतात.

वामनला विचारावंसं वाटलं होतं, चौकट साधारण किती वेळा उठली. विसरले. विसरले असं नाही. उत्तर आधीच पटलेलं होतं.

९ जून, बुध.

रेशनच्या शाखेत कामासाठी गेले. तिथल्या पडद्यावर माझी चौकट उठली. तोच फॉन्ट, तीच जागा. स्वतःचा आवाज दुसऱ्याच्या घरातून यावा तसं.

तिथली बाई म्हणाली, "लय सोपं केलं मॅडम तुमी. पाह्यलंच नाई तरी चालते."

प्रश्न वाचेपर्यंत तिने दाबून टाकलं होतं.

२२ जून, मंगळ.

यादी भिंतीवर लागली. सकाळपासून पिंपळदऱ्याची माणसं. ज्यांना वाचता येतं ते वाचतात, बाकीचे वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात.

वामनची माय आली होती. उंच, सुकलेली, डोक्यावर पांढरा पदर. गावातून चालत कामरगावपर्यंत, तिथून जीप. सोबत वस्तीतल्या सात-आठ बायका. वामन मोठ्या ऐटीत त्यांना भिंतीपाशी घेऊन गेला.

'स'च्या पानावर त्याचं बोट खाली गेलं. पुन्हा वर आलं. पुन्हा खाली.

"चष्मा आन ना," माय म्हणाली.

"चष्मा हाय ना डोयावर, माय."

मग तो इतर बायकांची नावं शोधू लागला. गिरजा. अनसूया. पार्वता. एकही नाही. एकीने पदराला गाठ होती ती सोडली आणि पुन्हा मारली.

माय मला म्हणाली, "बाई, पोरानं सांगतलं व्हतं का तुह्यं नाव म्या माह्या हातानं टाकलं. छापनारा इसरला असन."

मी म्हणाले, पाहते.

२३ जून, बुध.

वामनला मशीनपाशी बसवलं. म्हटलं, वहीच्या वेळी केलंस तसं करून दाखव. मायचं नाव टाक.

टाकलं. चौकट उठली. 'हे नाव यादीत नाही. यादीत घ्यायचे?'

त्याने एन्टर दाबला.

"हे पाय, ताई. राहू देलं."

फॉर्म कोरा झाला.

तो कोऱ्या फॉर्मकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"परत्येकाले राहू द्या म्हटलं म्या. एकही नाव जाऊ देलं नाई."

मी म्हणाले, इथे प्रश्न वेगळा होता. तिथे काढायचं का, इथे घ्यायचं का.

"चौकट तं तेच हाय."

हो.

"जागा तेच हाय. आन वाचलं असतं तरी काय, ताई? यादीत घ्यायचे? राहू द्या. म्हंजे राहू द्या ना तिले यादीत."

तो उठून बाहेर गेला. नळावर तोंड धुतलं. परत आला तेव्हा फक्त इतकं म्हणाला, "मायच्या नावाले तं म्या थांबून दाबलं व्हतं. हात जोडून दाबल्यावानी."

२४ जून, गुरु.

ब.बा.ना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. सुपारी कातरत होते.

"आता यादी वर गेली. ज्याचा आक्षेप असन त्यानं सोता याव, कागद घेऊन."

कागद म्हणजे ती वही.

"मंग वही घेऊन याव."

वही तुमच्याच गठ्ठ्यात गेली.

"तं गठ्ठा येईन तवा येईन."

मी उठले. मागून म्हणाले, "मॅडम, तुमचं यम.ए. मराठीतच ना? मंग शब्द कसा चुकला?"

शब्द तुम्ही दिला, हे जिभेवर आलं होतं. पण बारा ठिकाणी बसवला मी.

२८ जून, सोम.

चार दिवस मशीन उकरते आहे. कुठेतरी ती नावं उरली असतील. तात्पुरत्या फाइली, पुसलेल्या नोंदी, काहीही. नाही. शून्य आलं की फॉर्म पुसायचा, असं मीच लिहिलं आहे. त्या ओळीशेजारी माझीच टीप : 'काही घडले नाही, म्हणून नोंद नको.'

'होय'ची नोंद तारखेसकट आहे. 'राहू द्या'ची कुठेच नाही. त्या चार दिवसांत मशीनच्या लेखी काही घडलं नाही.

वाक्य वहीत पुन्हा पुन्हा लिहून पाहते. राहू द्या. काय राहू द्या? कोणाला? कर्ता नाही. ज्याच्या मनात जो असेल तो. वामनच्या मनात माय होती. माझ्या कोडमध्ये यादी होती, जशी आहे तशी.

ब.बा.च्या मनात काय होतं, हा विचार आज पहिल्यांदा आला. तो शब्द त्यांनी सहज दिला की

नाही. सात मेला त्या वहीचा पत्ताही नव्हता. पण अठ्ठावीस मेला, आकडा ऐकून त्यांनी वर पाहिलं नव्हतं.

२ जुलै, शुक्र.

वामनला कारणे दाखवा नोटीस. 'हेतुपुरस्सर अगर निष्काळजीपणे नावे वगळल्याबद्दल.' ज्याची माय वगळली गेली त्याला. तो रोजंदारीवर आहे, काढायला कारणही लागत नाही, तरी कारण तयार केलं.

माझं निवेदन लिहिलं. तीन मसुदे. पहिल्यात स्पष्टीकरण फार होतं. दुसऱ्यात मी फार होते. तिसरा सहा ओळींचा. चौकट माझी, शब्द मी मान्य केला, एकच चौकट दोन उलट प्रश्नांना मी लावली, संख्या बदलली नाही हे मला दिसलं होतं, तरी सही केली, पन्नासेक नावं सुटली असावीत, ऑपरेटरचा दोष नाही.

ब.बा.नी वाचलं. "हे देऊ नोका. देलं तं जिल्ह्यात कोन्या हापिसाचं काम भेटनार नाई तुमाले. एवढं सांगतो, घरचं समजून."

रजिस्टर पोस्टाने पुनर्वसन अधिकारी साहेबांच्या नावे पाठवलं. पोचपावती लावून.

६ जुलै, मंगळ.

रेशनच्या शाखेत गेले. म्हटलं, माझी चौकट काढा, मी दुसरी देते. त्या मुलाने पडदा माझ्याकडे वळवला. वीसेक फॉर्म. प्रश्न वाचत गेले. 'कार्ड बंद करायचे?' 'सदस्य कमी करायचा?' 'सदस्य वाढवायचा?' 'मृत नोंद रद्द करायची?' सगळीकडे खाली होय, राहू द्या. सगळीकडे एन्टर त्याच बाजूला.

'मृत नोंद रद्द करायची?' राहू द्या. म्हणजे माणूस राहू द्या, की नोंद?

तो म्हणाला, "मॅडम, चालत्या गाडीचं चाक काढता का? तक्रार नाही कोणाची."

तक्रार कशी येणार.

निघताना सहज म्हणाला, फ्लॉपी आणखी दोन तालुक्यांत गेली. कोणत्या, माहीत नाही म्हणाला.

१६ जुलै, शुक्र.

वाशीमला जाऊन आले. गठ्ठ्यांची खोली म्हणजे जुन्या शाळेचा वर्ग. फळ्यावर अजून सुविचार. गठ्ठे छतापर्यंत, चिठ्ठ्या गळून पडलेल्या. शिपाई भला माणूस. दोघांनी मिळून चार तास काढले. कारंज्याचे तीन गठ्ठे मिळाले, तिन्ही दुसऱ्या कामाचे.

"अकोल्यालेच असन," तो म्हणाला. अकोल्याला पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तर खिशात होतं : वाशीमकडे वर्ग.

माझ्या निवेदनाची पोचपावती अजून आलेली नाही.

२३ जुलै, शुक्र.

नवी चौकट केली. बटणांवर शब्द आत बसवलेले नाहीत. प्रत्येक फॉर्मने स्वतःचे द्यायचे, पूर्ण क्रियापद, कर्मासकट. 'नाव यादीत घ्या.' 'नाव यादीबाहेर ठेवा.' एन्टर कशालाच जोडलेला नाही. दोन्हींपैकी काही दाबलं तरी तारीख, वेळ, नाव उतरतं. जागाही हलते, प्रश्न बदलला की चौकट दुसरीकडे उठते.

कुरूप आहे. हळू आहे. पुन्हा वापरता येईल अशी आहे, पण वापरणाऱ्याला दर वेळी विचार करावा लागेल. तीच हवी होती.

वामनला दाखवली. हल्ली तो कार्यालयात येत नाही, स्टँडसमोर एका दुकानात अर्ज टाइप करून देतो. त्याने दोन्ही बटणं मोठ्याने वाचली.

"आता बरोबर हाय." मग म्हणाला, "पन आता टाकाचं कोनाले, ताई? नावं कुठं हाय?"

मी म्हटलं, वही चार दिवस तुझ्यासमोर होती. किती आठवतात?

"हात चालत व्हता तवा. आता हाताले इचारा." थोड्या वेळाने : "शेवटचा नंबर सत्तावन व्हता. थेवढं पक्कं हाय. मायचा एकोनीस."

२९ जुलै, गुरु.

साहेब भेटले. मिनिटभर, त्यांच्या कचेरीच्या जिन्यात. निवेदन मिळालं का विचारलं, त्याचं उत्तर दिलं नाही. म्हणाले, दहा तारखेला पिंपळदऱ्याच्या शाळेत आक्षेप ऐकतो. वही नसेल तर गावाने पंचांसमोर नावं सांगावीत, सगळी, अनुक्रमाने. अर्धवट यादी मी घेणार नाही. आज चार सांगतील, उद्या चाळीस येतील.

हे बोलणं लेखी द्या म्हटलं. जिना उतरून गेले.

कार्यालयाच्या फळ्यावर दुसरी नोटीस. धरणाची दारं या पावसात बंद होणार. 'यादीतील कुटुंबांनी' स्थलांतर करावे. यादीबाहेरच्यांनी काय करावे, ते नाही. नोटिशीच्या दृष्टीने ते तिथे राहतच नाहीत.

३ ऑगस्ट, मंगळ. पिंपळदरा

कामरगावपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचा मैल पायी. वामन सोबत.

वस्ती ओढ्याच्या वरच्या अंगाला. पंचशीलाचा झेंडा, त्याखाली ओटा. ओट्यावर बसून नावं घ्यायला लागलो. मायच पुढे. तिला वाचता येत नाही, पण वाटप झालं त्या दिवशी लोक ज्या रांगेत उभे होते ती रांग तिला आठवते.

"मोजनी वाल्यानं दोरी टाकली. पयला उभा बुढा सखाराम. त्याच्या मांगं त्याचा साडू. साडू तवा दारू पिऊन आल्ता, दोरीत पाय अडकला न् पडला, सगळे हासले. त्याच्या मांगं गिरजाची सासू."

अशी. एकेक माणूस हसण्यासकट, भांडणासकट. कोणी मेले, कोणी मुंबईला गेले, वारस कोण ते बायका सांगतात. वामन लिहितो. मायचा नंबर एकोणिसावाच आला. वामनने माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत एकेचाळीस.

परतताना वामन म्हणाला, "मायले सांगतलं नाई म्या अजून."

काय?

"का म्याच दाबलं म्हून. तिले वाटते छापनारा इसरला."

७ ऑगस्ट, शनि. पिंपळदरा

त्रेपन्न. मशीनच्या लेखी ज्या चार दिवसांत काही घडलं नव्हतं, तेच दिवस वस्ती एकेका नावाने पुन्हा घडवते आहे.

आज ओढ्याकडे गेले. पाणी स्वच्छ नव्हतं, पण पावसाचंही नव्हतं. काड्या, पानं, फेस. उभी राहून बघत होते. काही वेळाने लक्षात आलं, पानं वरच्या बाजूला चालली आहेत. वस्तीकडे.

वामनच्या मायला दाखवलं. ती म्हणाली, "परवापासून असंच हाय. ढोरं पेत नाई ते पानी."

म्हणजे धरणाची दारं बंद झाली आहेत, पाणी मागे फुगतं आहे. नोटिशीत तारीख नव्हती.

१० ऑगस्ट, मंगळ. पिंपळदरा

शाळेच्या व्हरांड्यात सकाळी आठपासून. सगळी वस्ती. गावातलेही काही, लांब उभे. पंच आले. त्यांतला एक जुना पाटील, तो म्हणाला, "वाटप झालं व्हतं, म्या पाह्यलं. सई करतो." बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण सही केली.

साहेबांची जीप दुपारी येणार होती. अकराला पुढच्या वस्तीचा एक माणूस सायकलवर आला. रपट्यावर, वाटेतल्या ठेंगण्या पुलावर, गुडघाभर पाणी आहे, जीप येईल की नाही सांगता येत नाही. ब.बा. सोबत आहेत म्हणाला. ते रपट्यापलीकडे उभे राहून पाणी बघत आहेत.

छप्पन्न नावं. अनुक्रमाने, वारसांसह, पाच सह्यांनी. एक सुटलं आहे.

रांग दोनदा म्हणून झाली. तेहतीस आणि चौतीस यांच्यामध्ये कोणीतरी होतं, यावर सगळ्या बायका ठाम आहेत. बाई होती, यावर चौघींचं एकमत आहे. काळी होती. एक म्हणते कडेवर लेकरू होतं. नाव कोणालाच येत नाही. वाटा मिळाल्यावर दोन वर्षांत गेली. कुठे गेली, तेही नाही. मेली म्हणावं तर कोणी मौतीला गेल्याचं आठवत नाही.

वामन हळूच म्हणाला, "ताई, एखादं नाव टाकून देऊ का? कोन पाह्यते?"

पेन त्याच्या हातात होतं. मी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही. जूनच्या प्रमाणपत्रावर माझ्या सहीचं एक वाक्य आहे, 'पूर्ण केली आहे', ते डोळ्यांसमोर आलं.

माय आमच्याकडे बघत होती. तिने ऐकलं असावं. म्हणाली, "खोटं नोको टाकू रे. तिचं नाव येऊन राह्यलं तोंडावर."

पलीकडे जीपचा हॉर्न वाजला. दोनदा. मग बराच वेळ काही नाही. येते आहे की वळते आहे, इथून कळत नाही.

माय भिंतीला टेकून डोळे मिटून बसली आहे. बोटं मांडीवर. "पयला उभा बुढा सखाराम," ती म्हणते, "त्याच्या मांगं त्याचा साडू."